स्काऊट पथकाला मदत करायला पालकांनी जावं का? (आणि गेल्यावर नेमकं करायचं काय?)

अंत्रुजी

नमस्कार मंडळी. मुलगा सहावीत आहे, यंदा त्याने शाळेत स्काऊटला नाव घातलं. परवाच्या पालकसभेत बाईंनी सांगितलं की पथक बघणारे जुने सर आता नाहीत, नवे सर एकटे पडतात, कुणी पालक मदतीला येणार असेल तर शाळा त्याला रीतसर प्रशिक्षणाला पाठवेल. सगळा वर्ग एकदम मोबाइलमध्ये शिरला. मी हात वर केला नव्हता, फक्त मान खाली घालायला उशीर झाला. बाईंनी तेवढ्यावर माझं नाव वहीत लिहिलं.

गोव्यात, फोंड्याला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दोरी वारावर विकतो, पण आयुष्यात स्काऊटची एक गाठ मारलेली नाही. शाळेत असताना आमच्याकडे स्काऊट नव्हतं. म्हणून जाणकारांना विचारतो:

वेळ किती जातो? प्रशिक्षण खरंच लागतं का, की नुसतं सर्टिफिकेट? दुसऱ्याच्या पोराला काही झालं तर जबाबदारी कुणाची? आणि माझाच मुलगा त्या पथकात असताना मी तिथे जावं का?

बायकोचं मत: "घरातला बल्ब बदलायला तुम्हाला तीन आठवडे लागतात." ते जमेस धरूनच सल्ला द्या.

जुना मास्तर

अंत्रुजीबाब, अभिनंदन करू की सांत्वन, ते शेवटी ठरवतो. शाळेत पथक चालवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आता निवृत्त आहे.

प्रशिक्षण लागतं. 'भारत स्काऊट्स आणि गाइड्स' (गाइड्स म्हणजे मुलींची शाखा) या संस्थेत मोठ्या माणसाला आधी बेसिक कोर्स करावा लागतो. आठवडाभराचा, निवासी. तो झाल्यावर पथक चालवण्याचं वॉरंट, म्हणजे अधिकारपत्र, मिळतं. पुढे अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स, आणि त्याच्याही पुढे हिमालय वुड बॅज. हा वुड बॅज म्हणजे चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी. पहिला कोर्स १९१९ च्या सप्टेंबरात इंग्लंडात गिलवेल पार्कला झाला, तेव्हा स्काऊट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलने झुलू राजा दिनुझुलूच्या माळेतले मणी वाटले. मणी संपले, मग नकला करायला लागले. मला मिळाले ते अर्थातच नकला.

बेसिक कोर्सची खरी गंमत अशी की तिथे तुम्हाला सर म्हणून वागवत नाहीत. सहा-आठ जणांच्या पॅट्रोलमध्ये, म्हणजे तुकडीत, घालतात. मुख्याध्यापक, कारकून, पीटी मास्तर, सगळे एका तंबूत. पहाटे शिट्टी, मग तंबूची तपासणी, मग चूल. पंचावन्न वर्षांचा माणूस बुटाची नाडी सुटलेली म्हणून गुण गमावतो आणि रात्री खरंच नाराज होऊन झोपतो. मुलांना काय वाटतं ते कळायला याहून चांगली युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

गाठींची चिंता सोडा. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाईन एवढ्यावर सुरुवात भागते. तुमच्याकडे दोरी फुकट आहे, हा तर मोठाच फायदा. नायलॉनची आणू नका, निसटते. काथ्या किंवा सुतळी आणा.

कुंपण

मी उलट बाजूने बोलतो, राग मानू नये.

माझ्या दोन्ही मुलांनी स्काऊट केलं. त्यांनी काय केलं? २६ जानेवारीला परेड, १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाला, परेड, आणि अधूनमधून कुणी पाहुणे आले की स्कार्फ घालून दोन रांगांत उभं राहणं. एकदा तर दुपारच्या उन्हात दोन तास, पाहुणे वाटेत कुठेतरी जेवायला थांबले होते म्हणून. शाळेचं नाव सांगत नाही. तंबू त्यांनी फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितला. वरच्या वर्गातली काही मुलं राष्ट्रपती पुरस्कारामागे होती, कारण रेल्वे भरतीत स्काऊटचा कोटा आहे. त्यात गैर काही नाही, पण मग त्याला चारित्र्यनिर्मिती वगैरे म्हणू नका.

शिवाय हे सगळं एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने काढलेलं. सलाम, शिट्ट्या, बिल्ले. आपल्याकडे पोरं ओहोळात पोहायला शिकत होती तेव्हा कुणी बॅज देत नव्हतं.

जुना मास्तर

कुंपण, परेडबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पाहुण्यांच्या चहापाण्याला गणवेशातली मुलं लावणं हा आपल्या शाळांचा जुना आजार आहे. हे थांबवायला मुख्याध्यापकांना 'नाही' म्हणणारा मोठा माणूस पथकात लागतो, आणि शिक्षकापेक्षा पालकाला ते सोपं जातं. पगार शाळेकडून येत नाही ना.

इंग्रजांच्या मुद्द्यावर मात्र थोडं भांडतो. हिंदुस्थानात १९०९ साली बंगळुरात पथक निघालं, पण सुरुवातीला ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतंच होतं, आपल्या मुलांना दार बंद. म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासला १९१६-१७ च्या सुमारास वेगळी भारतीय संघटना काढली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. पुढे ७ नोव्हेंबर १९५० ला या वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन आजची संस्था झाली, गाइड्स वर्षभरात आल्या. म्हणजे ज्यांना दारातून हाकललं त्यांनीच ती गोष्ट उचलून आपली केली.

आणि १९०७ च्या ब्राउनसी बेटावरच्या त्या पहिल्या शिबिरात बेडन-पॉवेलने बड्या शाळांतली मुलं आणि कामगारांची मुलं एकाच तंबूत घातली होती. त्या काळच्या इंग्लंडात हे साधं नव्हतं. आपल्याकडे भाटकाराचा (जमीनमालकाचा) मुलगा आणि मुंडकाराचा (त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाचा) मुलगा एका टोपातलं जेवतो तेव्हा मला ते आठवतं.

ओहोळात पोहायला शिकण्याबद्दल: खरं आहे. आता मात्र ओहोळाच्या काठावर घर असलेल्या मुलालाही पोहता येत नाही, त्याचं काय करू या?

दूरदेशी

मूळचा डिचोलीचा, सध्या न्यू जर्सी. माझी मुलगी इथे स्काऊटमध्ये आहे म्हणून इथली पद्धत सांगतो.

इथे शिक्षकांचा संबंधच नाही, पथक पालकच चालवतात. चर्च, शाळा किंवा अशीच एखादी स्थानिक संस्था जागा देते, बाकी सगळं आईबाप. आणि सगळ्यांनी रानात जायचं असं काही नाही. एकजण तंबू-भांडी सांभाळतो, एक गाड्यांची सोय बघतो, एक बाई कुठल्या मुलाची कुठली चाचणी राहिली त्याची नोंद ठेवते. मी हिशेब बघतो. अंत्रुजी, तुम्हाला हार्डवेअर कळतं, म्हणजे सामानाचा माणूस तुम्ही आजच झालात.

आता कटू भाग. इथल्या संस्थेने, 'बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका'ने, २०२० च्या फेब्रुवारीत दिवाळखोरी जाहीर केली. कारण: लहानपणी नेत्यांनी लैंगिक अत्याचार केल्याचे ८२ हजारांहून जास्त दावे. तडजोड २.४६ अब्ज डॉलरची. अनेक दशकं मुलं सांगत होती आणि मोठी माणसं संस्थेचं नाव जपत होती. २०२५ पासून संस्थेचं नावही बदललंय, 'स्काऊटिंग अमेरिका'.

त्यामुळे आजचे नियम कडक आहेत. प्रत्येक कार्यक्रमाला २१ वर्षांवरची, नोंदणी केलेली किमान दोन मोठी माणसं. एक मोठा आणि एक मूल असं कुठेही एकांतात नाही, गाडीत नाही, तंबूत नाही. मुलाला फोनवर संदेश पाठवायचा तर त्यात दुसरा मोठा माणूस हवा. संरक्षणाचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय नोंदणीच होत नाही. मलाही घ्यावं लागलं, मी फक्त पावत्या फाडतो तरी.

सुरुवातीला मला हा अविश्वास वाटायचा. आता वाटतं की हा नियम माझंही रक्षण करतो.

तळटीप

वर दूरदेशींनी विषय काढलाच आहे, तर गोव्याचा कायदा सांगते. मी वकील आहे, पण हा सल्ला फुकट आहे, त्याच भावात घ्या.

बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा केंद्राचा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या आधीच, २००३ मध्ये, गोव्याने स्वतःचा गोवा बाल कायदा केला होता आणि त्याखाली पणजीत बाल न्यायालय आहे. हे आपल्याकडच्या पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं.

पॉक्सोचं कलम १९ पाठ करा. असा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे मुलगा शिबिरात रात्री येऊन काही सांगू लागला तर तुम्ही चौकशी समिती नाही. खोदून विचारू नका, "नक्की का?" म्हणू नका, दुसऱ्या बाजूचं ऐकायला संबंधित माणसाला बोलावू तर अजिबात नका. ऐका, त्याच्या शब्दांत लिहून ठेवा, कळवा. १०९८ हा बालकांच्या हेल्पलाइनचा नंबर मुलांनाही पाठ हवा. "शाळेत आधी बोलून घेऊ, बोभाटा नको" हे वाक्य ऐकलंत की समजा, तुम्हाला गुन्ह्यात ओढतायत.

जबाबदारीचा प्रश्न: पालकांकडून संमतिपत्र घ्याच, पण त्यावर "काहीही झाल्यास आम्ही जबाबदार नाही" असं लिहून घेतलं म्हणजे तुम्ही सुटलात असं समजू नका. निष्काळजीपणा झाला तर ते वाक्य फारसं वाचवत नाही. संमतिपत्राचा खरा उपयोग वेगळाच: दमा आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे, झोपेत चालतो का, गोळ्या कुठल्या, रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा. हे लेखी नसेल तर मूल बसमध्ये चढवू नका.

आबोली

मी बार्देशात गाइड कॅप्टन आहे, म्हणजे मुलींचं पथक चालवते. वर सगळे 'मुलं मुलं' म्हणतायत, म्हणून मुलींचं थोडं.

मुलींच्या शिबिराला बाई नेता नसेल तर शिबिर नाही, हे सांगायलाच नको. पण खरं अडतं ते दुसरीकडेच. आयांच्या बैठकीत पहिला प्रश्न कधीच सापाचा नसतो, संडासाचा असतो. आणि तो अगदी बरोबर असतो. मी जागा बघायला जाते तेव्हा आधी संडास बघते, मग पाणी, मग दाराची कडी आतून लागते का. तंबूची जागा सगळ्यांत शेवटी. "रानात काय, कुठेही..." म्हणणारे सर मला भेटलेत. त्यांना मी संडासाचा खड्डा खणण्याच्या कामावर नेमते.

दुसरं, पाळी. सहावी-सातवीतल्या काही मुलींची पहिली पाळी शिबिरातच येते. त्या रडतात ते दुखतं म्हणून कमी आणि कुणाला सांगायचं कळत नाही म्हणून जास्त. निघण्याआधी मुलींना एकत्र बसवून सांगते, पेटी कुठे आहे, कागदी पिशव्या कुठे, वापरलेलं कुठे टाकायचं. सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात. एकदा असं सांगितलं की पॅट्रोल लीडर मुली पुढचं आपसात बघतात.

आणि मोबाइल. आम्ही घेऊ देत नाही. रोज संध्याकाळी एक संदेश पालकांच्या गटावर जातो, "सगळ्या ठीक, आज भात, वरण, सुकी भाजी." एका आईने विचारलं होतं, "नुस्तें (मासे) नाही?" तेवढंच.

सत्तरीकार

जागेचा विषय निघाला म्हणून लिहितो. वाळपईकडचा आहे.

शहरातल्या शाळा आमच्याकडे शिबिराला येतात, आनंद आहे. पण कधी येता आणि कुठे बसता ते बघा.

१. पावसाळ्यात धबधबा नको. जून ते सप्टेंबर वरच्या डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी एकदम चढतं. २०२३ च्या जुलैत बुडून माणसं गेली तेव्हा वनखात्याला धबधब्यांवर जाणंच बंद करावं लागलं होतं. हरवळ्याला वरून बघून परत फिरा.

२. माकडताप. २०१५ मध्ये सत्तरीत पाळी गावात तो सुरू झाला. गोचिडीतून येतो. जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका तुमचा शिबिराचा आणि आमचा काजूचा मोसम. वाळलेल्या पाल्यावर सतरंजी न टाकता बसू नका, पूर्ण बाह्या, रोज संध्याकाळी अंग आणि कपडे तपासणं. माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. शिबिराहून आल्यावर मुलाला सडकून ताप आला तर डॉक्टरला "सत्तरीत रानात गेला होता" हे आठवणीने सांगा.

३. शेकोटी. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यासकट ठिकठिकाणी डोंगर पेटले होते. फेब्रुवारीनंतर उघड्या गवतात कॅम्पफायर ही कल्पनाच सोडून द्या. अंगणात, सारवलेल्या जमिनीवर, बाजूला पाण्याच्या बादल्या ठेवून करा. आणि पोरं खिशातून काजूच्या बिया काढून विस्तवात टाकतात! टरफलातलं तेल पेटतं, उडतं, कातडी सोलते. बिया भाजायला घरच्या म्हातारीला विचारा, ती लांब काठी घेऊन वाऱ्याकडे पाठ करून बसते.

४. अभयारण्याच्या हद्दीत राहायचं तर वनखात्याची परवानगी आधी. गेटवर येऊन "आम्ही स्काऊट" सांगितल्याने होत नाही.

साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. हात-पाय न हलवता १०८. जवळचं इस्पितळ कुठलं आणि रस्ता किती वेळाचा ते आदल्या दिवशी गाडीने जाऊन बघून ठेवा.

पेडण्याची आई

हे सगळं वाचून मी मुलाचं नाव काढून घ्यावं असं वाटायला लागलंय. :(

एक प्रश्न. स्काऊटमध्ये म्हणे सगळं मुलांना स्वतः करू द्यायचं असतं, आणि वर सगळे सांगतायत त्यावरून वाटतं क्षणभर नजर हलवू नये. नक्की काय? अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात कोयता द्यायचा का नाही?

जुना मास्तर

ताई, नाव काढू नका. प्रश्न अचूक विचारलात, जरा सविस्तर सांगतो.

पथक पॅट्रोलमध्ये वाटलेलं असतं. प्रत्येकाचा एक लीडर, तोही मुलगाच. शिबिराला काय शिजवायचं, सरपण कोण आणणार, भांडी कोण घासणार हे त्यांनी ठरवायचं. सगळे लीडर मिळून कोर्ट ऑफ ऑनर भरतं, तिथे पथकाचे निर्णय आणि तंटे सुटतात. स्काऊटमास्टर तिथे असतो, पण बोलतो शेवटी, आणि तेही विचारलं तर. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात तुमच्या डोळ्यांसमोर एक मुलगा तांदूळ न धुता टोपात ओततो, दुसरा पाणी मोजत नाही, आणि तुमचा हात शिवशिवतो. बसायचं. भात लागला तर लागला. लागलेला भात खाऊन कुणी आजारी पडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच मुलगा बोटाचं पेर बुडवून पाणी मोजतो. भांड्याविना रांधायच्या चाचणीत आमच्या एका पॅट्रोलने बांगडा हळदीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात पुरला होता. पुस्तकात बटाटा लिहिला होता. मी मध्ये पडलो असतो तर बटाटाच झाला असता.

पण कच्चं चिकन दुपारभर उन्हात ठेवलेलं दिसलं तर मी उठतो आणि फेकून देतो, चर्चा नाही. आग, पाणी, धार, गाडी, औषध आणि शिळं अन्न, एवढ्यात लोकशाही नाही. बाकी सगळ्यात आहे. पोहण्याआधी पोहता येणारे आणि न येणारे वेगळे, जोड्या लावून, काठावर दोर घेऊन मोठा माणूस, आणि तो मोठा माणूस फोटो काढत नाही.

कोयत्याचं उत्तर: द्यायचा. आधी बसून धार लावायला शिकवायची, मग हातभर मोकळी जागा, मग देताना मूठ पुढे. ज्याला तो खाली ठेवायचा कसा ते कळत नाही, त्याच्या हातात चाकूसुद्धा नाही, मग तो अकरा वर्षांचा असो की मुख्याध्यापक.

मी खुर्ची अशी मांडतो की सगळ्या चुली दिसतील, पण मुलांना प्रत्येक गोष्ट विचारायला यायचा कंटाळा येईल इतकी लांब.

कुंपण

हे असं पथक कुठे असेल तर मी आजही मूल पाठवेन. अंत्रुजी, हो म्हणण्याआधी एक करा. पथकाची नोंदवही मागा. मागच्या वर्षी मुलं रात्रीची शाळेबाहेर कितीदा राहिली ते बघा, आणि नोंदणीचं वर्ष चालू आहे का तेही. स्काऊट नावाच्या एकाहून जास्त संस्था देशात आहेत, तुमची शाळा कुणाशी जोडलेली आहे ते विचारा. उत्तर देताना समोरचा पाण्याचा ग्लास शोधू लागला तर उठून या.

अंत्रुजी

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवलंय. काल शाळेत गेलो आणि कुंपणबाबांच्या सल्ल्याने नोंदवही मागितली. मुक्काम एकही नाही. परेडची पानं मात्र भरगच्च. नवे सर स्वतःच म्हणाले, "दुसरा मोठा माणूस नाही, तर मुक्काम काढू कसा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बेसिकचा फॉर्म भरला.

पण माझा चौथा प्रश्न सगळ्यांनी गाळला. माझाच मुलगा पथकात आहे.

आबोली

माझी मुलगी माझ्याच कंपनीत (गाइड्सच्या पथकाला कंपनी म्हणतात) होती. तिच्या चाचण्या मी कधी घेतल्या नाहीत, दुसऱ्या बाई घ्यायच्या. तिच्या पॅट्रोलकडे मी कमीच फिरकायची. पहिलं वर्ष तिला वाईट गेलं, कारण पक्षपात नको म्हणून मी तिच्यावरच जास्त ओरडत होते. हेही पक्षपातच, हे तिनेच मला सांगितलं. तुम्ही मुलाला आधी विचारा. तो नाही म्हणाला तर दूरदेशी म्हणतात तसं सामान सांभाळा, नाहीतर शेजारच्या शाळेच्या पथकाला हात द्या. तिथेही माणूस हवाच असणार.

अंत्रुजी

विचारलं. बराच वेळ विचार करून म्हणाला, "या, पण सगळ्यांसमोर मला सोन्या म्हणायचं नाही, आणि माझ्या डब्यात काय आहे ते बघायला यायचं नाही." मान्य केलं. बायकोने फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही केली आणि विचारलं की तिथे बल्ब बदलायचा कोर्स असतो का.

जुना मास्तर

असतो, 'इलेक्ट्रिशियन' नावाचा बॅज आहे, पण तो मुलांसाठी.

बेसिकला जाताना: दोन गणवेश, कारण एक ओला असणारच. जाड तळव्याचे बूट आधी घालून मऊ केलेले, नवे कोरे नकोत. टॉर्च, ताट-वाटी-पेला, वही, पातळ सतरंजी, ओडोमॉस. घरचं लोणचं लपवून न्या, पॅट्रोलमध्ये तेवढ्याने मित्र होतात. शिट्टी नेऊ नका, तिथे ज्याच्याकडे असायला हवी त्याच्याकडे असते. आणि दुकान आठवडाभर कुणाकडे देणार ते आजच ठरवा, मागच्या वेळी आमचा एक उमेदवार चुलीजवळ उभा राहून फोनवर सिमेंट विकत होता.